एंजेलिक लेयर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाहुल्यांच्या कुस्त्यांवरची मालिका आवडते असं सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग प्रश्न विचारायला लागतो. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे आहेत. शेवटाचं गुपित फोडणारा एक प्रश्न मध्ये आहे. त्यावर तशी सूचना दिली आहे, त्यामुळे बाकीचं बिनधास्त वाचा.

ही नेमकी कोणती मालिका?

'एंजेलिक लेयर' ही २६ भागांची जपानी ॲनिमे मालिका. टीव्ही टोकियोवर एप्रिल ते सप्टेंबर २००१ या काळात ती दाखवली गेली. बोन्स या स्टुडिओने ती बनवली आणि दिग्दर्शन हिरोशी निशिकिओरी यांचं. मूळ गोष्ट मंगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची. ती 'मासिक शोनेन एस'मध्ये १९९९ ते २००१ दरम्यान क्रमशः आली आणि तिचे पाच खंड झाले. लेखन आणि चित्रं क्लॅम्प या चौघींच्या गटाची: नानासे ओकावा, मोकोना, त्सुबाकी नेकोई आणि सात्सुकी इगाराशी. ओकावा प्रामुख्याने लेखनाची बाजू सांभाळतात, चित्रांचं काम बाकीच्या तिघींकडे.

शोनेन एस हे मुलांसाठीचं, म्हणजे मुलग्यांसाठीचं मासिक. त्यात सामन्यांची गोष्ट, आणि त्या गोष्टीत मध्यभागी एक बुटकी, बुजरी मुलगी. मालिकेचं वेगळेपण इथूनच सुरू होतं.

कथा काय आहे?

बारा वर्षांची मिसाकी सुझुहारा वाकायामाहून एकटी टोकियोला येते. तिथे ती मावशीकडे राहणार आहे. शोको मावशी टीव्हीवर बातम्या देते. मिसाकीची आई ती लहान असतानाच तिला आजी-आजोबांकडे ठेवून निघून गेलेली. कुठे गेली, का गेली, हे मिसाकीला कोणी धड सांगितलेलं नाही.

स्टेशनबाहेर एका भल्यामोठ्या पडद्यावर तिला सामना दिसतो. दोन बाहुल्या लढत असतात. त्यातली अथेना नावाची बाहुली अंगापिंडाने लहान असूनही समोरचीला लोळवते. आयुष्यभर 'किती बुटकी गं तू' ऐकलेल्या मुलीला याहून मोठं आमंत्रण कोणतं? ती त्याच दिवशी दुकानात जाऊन बाहुली घेते. शाळेत मैत्रिणी मिळायच्या आत ती स्पर्धेत उतरलेलीही असते. पुढे प्रादेशिक फेरी, मग राष्ट्रीय फेरी, आणि प्रेक्षकांनी तिला दिलेलं 'मिरॅकल रूकी' हे बिरुद. नवखी, पण चमत्कार करणारी.

खेळ चालतो तरी कसा?

बाहुलीला म्हणतात एंजेल, ती चालवणाऱ्याला डेउस आणि ज्या मैदानावर लढत होते त्याला लेयर. एंजेल अंड्याच्या आकाराच्या डब्यात मिळते. आत कोरी बाहुली असते: ना चेहऱ्यावर ओळख, ना केस, ना कपडे. केस कापायचे, कपडे शिवायचे किंवा विकत आणायचे, आणि संगणकावर तिचे गुण ठरवायचे. वेग हवा की ताकद, हलकी हवी की भक्कम, हे सगळं खेळाडूच्या हातात. एकाकडे वाढवलं की दुसरीकडे कमी होतं. मिसाकी आपली हिकारू हलकी आणि चपळ बनवते. त्याची किंमत पुढच्या प्रत्येक सामन्यात मोजावी लागते, कारण हलक्या बाहुलीला एक जोरदार तडाखा बसला की ती थेट कडेला जाऊन पडते.

सामन्यात डेउस खुर्चीत बसतो आणि डोक्याला हेडसेट लावतो. बटणं नाहीत, दोऱ्या नाहीत, रिमोट नाही. मनात हालचाल आणली की बाहुली ती करते. मात्र फक्त लेयरवर. बाहेर आणली की ती पुन्हा साधी बाहुली. हरायचे रस्ते दोन: मार सोसायचे पॉइंट संपणं किंवा लेयरच्या बाहेर पडणं.

हा दुसरा नियम लेखिकांनी हुशारीने वापरला आहे. नुसती ताकद महत्त्वाची असती तर मिसाकी दुसऱ्याच भागात घरी गेली असती. पण बाहेर ढकलूनही जिंकता येत असल्यामुळे समोरचीचा तोल, तिची सवय, तिची घाई हे सगळं उपयोगाला येतं. सुमो पाहणाऱ्या देशाला हा नियम समजावून सांगावा लागला नसणार. आपल्याकडे कुस्ती-कबड्डीवर वाढलेल्यांनाही तो पटकन कळतो.

बाहुल्यांना स्वतःचं मन असतं का? त्या बोलतात का?

नाही. हीच मला या मालिकेतली सर्वात आवडलेली गोष्ट. खेळण्यांवरच्या बहुतेक कथांमध्ये खेळणं जिवंत होतं, मालकाशी बोलतं, त्याला धीर देतं. इथे हिकारू एक शब्द बोलत नाही. ती घाबरत नाही, चिडत नाही. जे काही दिसतं ते मिसाकीचं: तिची भीती असेल तर हिकारूचे पाय अडखळतात, तिला उमगलं की हिकारू उसळते.

त्यामुळे हरल्यावर दोष द्यायला दुसरं कोणी उरत नाही. आणि चारचौघांत तोंड उघडायला लाजणारी मुलगी हजारो लोकांसमोर, तोंड न उघडता, स्वतःला पूर्ण दाखवते. सगळी मालिका या एका कल्पनेवर उभी आहे.

हिकारू हे नाव कुठून आलं?

क्लॅम्पच्याच 'मॅजिक नाइट रेअर्थ' या मालिकेतल्या हिकारू शिदोवरून. तीही बुटकी, आनंदी आणि कणखर. क्लॅम्पला स्वतःच्या जुन्या कामांतली नावं नव्या कामांत पेरायची खोड आहे. मिसाकीच्या शाळेचं नाव एरिओल, साई या खेळाडूच्या एंजेलचं नाव शिराहिमे. जुन्या वाचकांना ही ओळखीची माणसं गर्दीत दिसल्यासारखी वाटतात. नवीन प्रेक्षकाचं त्यावाचून काही अडत नाही.

तो पांढरा डगला घातलेला विचित्र माणूस कोण?

इच्चान. मिसाकीला खेळाची ओळख करून देणारा, पिफल प्रिन्सेस दुकानाची वाट दाखवणारा आणि काहीही न विचारता तिला सामन्यात ढकलणारा. खरं नाव इचिरो मिहारा आणि हा खेळ तयार केला तो त्यानेच. हे मिसाकीला कळायला बराच वेळ लागतो. त्याचा सहायक ओगाता हा त्याच्या चित्रविचित्र शिक्षा भोगणारा गरीब प्राणी.

अनोळखी मोठा माणूस, बारा वर्षांची एकटी मुलगी आणि 'चल, तुला दुकानात नेतो' हा प्रसंग आज पालक म्हणून पाहताना अंगावर येतो, हे खरं. मालिका तो निव्वळ विनोदासाठी वापरते आणि इच्चान निष्पापच आहे. पण मुलांबरोबर बसून पाहत असाल तर त्या ठिकाणी दोन शब्द बोलायला हरकत नाही.

प्रतिस्पर्धी कोण कोण आहेत? लक्षात ठेवावेत असे?

सगळे लक्षात ठेवायची गरज नाही. काही जण एका सामन्यापुरते येतात आणि जातात. पण पुढच्या मंडळींकडे लक्ष असू द्या.

हातोको कोबायाशी बालवाडीत आहे, आणि खेळातली जाणकार म्हणून मोठ्यांना पाणी पाजते. तिची एंजेल सुझुका निंजाच्या वेशात असते आणि तिचा वेग डोळ्यांना झेपत नाही. मिसाकीला खेळाचे बारकावे हातोकोच समजावते, तेही अगदी शांतपणे, एखाद्या निवृत्त मास्तरांसारखं. तिचा मोठा भाऊ कोतारो हा मिसाकीचा वर्गमित्र. त्याच्या घरी कराटेचा आखाडा आहे, तरी तो तामायोच्या पकडीतून कधी सुटत नाही. तामायो ही मिसाकीची मैत्रीण. दिवसातून एकदा तरी कोतारोवर एखादा नवीन डाव टाकून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नाही. मिसाकीला ती 'मिसाकिची' म्हणते.

रिंगो सेतो ही पॉप गायिका. तिची रांगा लढताना नाचते, अक्षरशः. तो सामना म्हणजे मालिकेतला सगळ्यात देखणा तुकडा. मारामारीला ताल असतो हे ज्यांना पटत नाही त्यांनी तो जरूर पाहावा.

साई जोनोउची थंड, कोरडी वाटते. ॲनिमेमध्ये तिच्या त्या थंडपणामागे धाकट्या बहिणीची आठवण आहे, आणि ती उलगडते तेव्हा शिराहिमेच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ बदलतो. तिची मैत्रीण काएदे साइतो हिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, हा अन्याय आहे. काएदे सगळ्यांशी गोड वागते. तिची ब्लांश पाहिल्यावर कळतं की गोड वागणं आणि कच्चं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ओजिरो मिहारा हा 'लेयरचा राजपुत्र'. इचिरोचा सावत्र भाऊ. त्याची बाहुली विझार्ड पुरुषरूपात आहे. त्याच्याबद्दल मला स्वतःला फार ओढ वाटली नाही. देखणा, सौम्य आणि नेमका वेळेवर उगवणारा मुलगा जसा असतो तसा तो आहे.

म्हणजे बेब्लेडसारखंच ना?

साचा तोच: खेळणं, स्पर्धा, चढत्या क्रमाने तगडे प्रतिस्पर्धी. कार्टून नेटवर्कवर बेब्लेड पाहून अंगणात भोवरे फिरवलेल्या पिढीला पहिला भाग पाहताच हे ओळखू येईल. पण बेब्लेडमध्ये जगाला धोका असतो, दुष्ट संघटना असते. इथे कोणीही दुष्ट नाही. सामना संपला की हरलेली मुलगी मिसाकीबरोबर केक खात बसते. डावाला लागलेलं असतं ते एवढंच की ही मुलगी आपल्या भीतीपुढे नमते की नाही.

कोणाला हे मिळमिळीत वाटेल. मधल्या काही भागांत ते आहेही.

(शेवटाचं गुपित इथे आहे) आईचं काय होतं?

अथेनाची डेउस, म्हणजे स्टेशनबाहेर पडद्यावर मिसाकीने पाहिलेली ती विजेती, हीच तिची आई शुको. मालिका हे प्रेक्षकापासून फार काळ लपवत नाही. लपवते ते मिसाकीपासून. त्यामुळे आपण प्रत्येक सामना दोन बाजूंनी पाहतो. एकीकडे मुलगी एकेक पायरी चढते आहे, दुसरीकडे आई वर बसून तिची वाट पाहते आहे, आणि तिला भीती वाटते आहे की मुलगी खरंच पोचली तर?

आई निघून का गेली, याचं उत्तर मंगात एक आणि ॲनिमेत दुसरं आहे. मंगात शुको कमालीची लाजाळू आहे. ज्याच्यावर जीव त्याच्यासमोर तिला उभंच राहवत नाही, म्हणून ती पोटच्या मुलीपासूनही पळ काढते. ॲनिमेमध्ये तिला पायातली शक्ती हिरावून घेणारा आजार आहे. ती व्हीलचेअरवर आहे. टोकियोला ती आली ते मेंदूच्या आज्ञेवर चालणाऱ्या कृत्रिम अवयवांच्या संशोधनासाठी. त्या संशोधनात इचिरो तिच्याबरोबर होता आणि त्यातूनच हा खेळ निघाला.

माझं मत सरळ आहे: ॲनिमेने गोष्ट वाचवली. लाजाळूपणापायी लेकराला वर्षानुवर्षं न भेटणारी आई विनोदी चित्रकथेत एक वेळ चालते, गंभीरपणे घ्यायला लागलं की राग येतो. व्हीलचेअरमुळे मात्र अथेनाच्या उड्यांचा अर्थच बदलतो. जिला स्वतःचे पाय साथ देत नाहीत ती लेयरवर धावते आहे. आणि जी आई मुलीशी बोलू शकत नाही ती अंतिम सामन्यात तिच्याशी तासभर, आडपडदा न ठेवता, जे काही आहे ते सगळं बोलून घेते. फक्त बाहुल्यांच्या हातापायांनी.

जिंकतं कोण? हिकारू. त्या सामन्याआधी मिसाकीला सत्य कळतं तेव्हा ती काही काळ खेळूच शकत नाही, ते भाग विजयापेक्षा जास्त लक्षात राहतात. आईबद्दलचा तिचा राग मालिका जरा लवकर विरघळवते, एवढी माझी तक्रार आहे. आणखी एखादा भाग ती रुसून बसली असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं.

आधी मंगा वाचू की ॲनिमे पाहू?

ॲनिमे. मंगा पाच खंडांत भराभरा पुढे जाते, चित्रंही क्लॅम्पच्या नेहमीच्या नक्षीदार शैलीपेक्षा मोकळी, सुटसुटीत आहेत. वाचायला मजा येते, पण प्रतिस्पर्ध्यांना श्वास घ्यायला जागा मिळत नाही. ॲनिमेची कथाबांधणी इचिरो ओकोउची यांनी केली. त्यांनी साईची बहीण, आईच्या जाण्याचं कारण असे धागे विणून सामन्यांना वजन दिलं. प्रेमाच्या बाबतीतही ॲनिमेचा कल वेगळा आहे: तिथे मिसाकीचं मन ओजिरोकडे झुकतं.

'चोबित्स'शी हिचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो फक्त मंगा वाचणाऱ्यांनाच पूर्ण लागतो. 'चोबित्स' ही क्लॅम्पचीच, माणसासारख्या दिसणाऱ्या संगणकांची गोष्ट. तिच्या मंगात हे कळतं की ते संगणक घडवणारा इचिरो मिहारा, म्हणजे आपला इच्चान. दोन्ही कथा एकाच जगातल्या, 'चोबित्स' नंतरच्या काळातली. मुलींना बाहुल्या देणारा हसरा माणूस तिथे पुष्कळ दुःखी पार्श्वभूमीसह येतो. एंजेलिक लेयर आधी पाहा. उलट क्रमाने पाहिलंत तर इच्चानच्या माकडचेष्टांवर हसू येणार नाही.

मनात आणून बाहुली हलवणं खरंच शक्य आहे का?

थोडंफार, आणि मालिका आली तेव्हापेक्षा आज बरंच जास्त.

मेंदूतल्या विद्युतलहरी डोक्यावरून टिपता येतात, हे जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं. अडचण अशी की कवटीबाहेरून येणारा संकेत क्षीण आणि गढूळ असतो. २००९ मध्ये मॅटेल कंपनीने माइंडफ्लेक्स नावाचं खेळणं आणलं. डोक्याला पट्टी लावायची, मन एकाग्र करायचं आणि पंख्याच्या झोतावर चेंडू वरखाली करायचा. एक चेंडू, वर किंवा खाली. हिकारूची कोलांटउडी अजून कोसभर दूर.

कवटीच्या आत शिरलं की चित्र बदलतं. अमेरिकेतल्या ब्रेनगेट प्रकल्पात मेंदूच्या हालचाल ठरवणाऱ्या भागात बारीक विद्युतअग्रांचा छोटासा तुकडा बसवतात. २०११ मध्ये या प्रकल्पातल्या एका महिलेने फक्त विचाराने यांत्रिक हात हलवला, कॉफीची बाटली उचलली, तोंडाशी नेली आणि प्यायली. हातपाय लुळे पडल्यापासून जवळजवळ पंधरा वर्षांत तिने स्वतःहून घेतलेला तो पहिला घोट. ॲनिमेमध्येही अशाच संशोधनाचा धागा आहे, आणि ही मालिका या प्रयोगाच्या दहा वर्षं आधीची.

लढणाऱ्या छोट्या यंत्रमानवांच्या स्पर्धाही आहेत. दोन पायांवर चालणाऱ्या रोबोंची 'रोबो-वन' स्पर्धा जपानमध्ये २००२ पासून होते. तिथे रोबो मनाने नव्हे, रिमोटने चालतात. आणि सुरुवातीच्या काळात न पडता चालणं हाच अर्धा विजय असायचा.

जपानी परंपरेत शोधायचं तर ओसाकाचं बुनराकू आहे. त्यात एका बाहुलीला तीन माणसं लागतात: मुख्य कलावंत डोकं आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय. पायांवरच शिकाऊ कलावंताची कैक वर्षं जातात. तिघांचा श्वास एक झाला की प्रेक्षकांना माणसं दिसेनाशी होतात आणि बाहुली तेवढी उरते. सामना रंगात आल्यावर खुर्चीतली मिसाकी आपण विसरतो, ते याच वाटेने होतं.

चित्रं जुनाट वाटतील का?

चौकट जुन्या टीव्हीची, जवळजवळ चौकोनी. मोठे डोळे, लांबच लांब हातपाय आणि भडक रंग हे २००१ च्या आसपासचं वळण. साध्या प्रसंगांत काटकसर दिसते. सामन्यांत मात्र पैसा आणि कष्ट ओतलेले आहेत. बोन्स हा तेव्हा नवा स्टुडिओ, सनराइझमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९९८ मध्ये काढलेला. त्यांची ही दुसरीच टीव्ही मालिका. दोनच वर्षांनी त्यांनी 'फुलमेटल अल्केमिस्ट' केली. तिथल्या हाणामाऱ्यांची तालीम इथे चाललेली दिसते.

संगीत?

कोहेई तानाका यांचं. 'वन पीस' पाहणाऱ्यांना त्यांचे दणदणीत सूर ओळखीचे असतील. सुरुवातीचं 'बी माय एंजेल' हे गीत अत्सुको एनोमोतो यांनी गायलंय आणि मिसाकीला आवाजही त्यांचाच आहे. गाणं तीन दिवस डोक्यातून जात नाही, आगाऊ सांगून ठेवते.

लहान मुलांना दाखवावी का?

आठ-नऊ वर्षांपासून पुढे खुशाल. रक्त नाही, शिव्या नाहीत, बाहुलीला लागलेल्या मारानेही मालकाला इजा होत नाही. जड जाऊ शकतो तो आईचा धागा. आई-वडिलांपासून दूर, आजोळी वगैरे वाढणारं मूल असेल तर शेवटचे भाग बरोबर बसून पाहा. आणखी एक: मालिका बघून मुलीने भातुकलीतल्या बाहुल्या एकमेकींवर आपटल्या तर ओरडू नका. नवे कपडे मात्र तिलाच शिवायला लावा, मिसाकीनेही शिवले होते.

दुसरा सीझन आहे का? मराठीत मिळेल का?

दुसरा सीझन नाही. गोष्ट २६ व्या भागात पुरती संपते. मराठी डबिंग झालेलं नाही. मूळ जपानी आवाज आणि इंग्रजी उपशीर्षकं हाच चांगला मार्ग. इंग्रजी डबही आहे. अमेरिकेत आधी एडीव्ही फिल्म्सने आणि नंतर सेंताई फिल्मवर्क्सने डिस्क काढल्या. मंगाचं इंग्रजी भाषांतर आधी टोकियोपॉपने, पुढे डार्क हॉर्सने जाड एकत्रित खंडांत छापलं. जुन्या पुस्तकांच्या दुकानात टोकियोपॉपचे सुटे खंड अधूनमधून सापडतात. घ्यायचे तर पाचही एकदम मिळतात का ते पाहा, चौथ्या खंडाशी अडकून राहणं फार वाईट.